हैदराबाद ते तेर : लहान संग्रहालयांची वाट



हैदराबादेत पाहुणा आला म्हणजे त्याला काय दाखवावयाचे, हे आता ठरूनच गेले आहे. चारमिनार, गोवळकोंडा आणि सालारजंग संग्रहालय ही तीन स्थळे झाली की यजमान मोकळा झाला आणि पाहुणा तृप्त झाला. त्यात गैर काही नाही. तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान (१८८९-१९४९) आणि त्यांच्या आधीच्या दोन पिढ्या यांनी देशोदेशींहून जमविलेल्या वस्तूंचा तो संग्रह खरोखरच अपूर्व आहे. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तो दिवाण देवडीत लोकांसाठी खुला झाला आणि १९६८ साली मुसी नदीच्या काठच्या आजच्या इमारतीत आला. तेथील बुरख्यातील रिबेकाची संगमरवरी मूर्ती पाहून कोण थक्क होत नाही? बाग-ए-आममध्ये १९३० साली स्थापन झालेले सरकारी संग्रहालयही असेच नामांकित आहे. इजिप्तहून आणलेली ममी पाहण्यासाठी शाळकरी मुलांची तेथे झुंबड उडते.

परंतु या मोठ्या संग्रहालयांतून हिंडताना एक गोष्ट मनाशी घोळत राहते. येथील पुष्कळशा वस्तू श्रीमंताच्या पैशाने, जहाजाच्या पोटातून, दूर देशाहून येथे आल्या. त्या सुंदर आहेत, पण आपल्या पायांखालच्या मातीविषयी त्या फारसे बोलत नाहीत. याच्या उलट, खेड्यापाड्यांच्या शिवेवर उभी असलेली काही लहान संग्रहालये अशी आहेत की, तेथील एकही वस्तू बाहेरून विकत आणलेली नाही. जे जेथे सापडले ते तेथेच ठेवले आहे. अशी संग्रहालये पाहण्याचा बेत आम्ही उभयतांनी गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत आखला. मी इतिहास शिकवतो आणि माझी पत्नी भूगोल. त्यामुळे वाटेत थांबण्याच्या जागांविषयी आमच्यात मतभेद झाले, ते एवढेच की मला जुन्या भिंतीपाशी थांबावयाचे असे आणि तिला दगडापाशी.

आमची वाट होती हैदराबादहून पश्चिमेकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाची. मच्छलीपट्टणहून निघून हैदराबाद, सोलापूर करीत पुण्यास जाणारा हा रस्ता आज चौपदरी झाला आहे. त्यावरून मोटारी भरधाव धावतात आणि बसणाऱ्यास वाटते की हे सारे कालपरवाचे काम आहे. पण १९०१ साली फ्लीट या पुराभिलेखतज्ज्ञाने एक निबंध लिहिला. पूर्व किनाऱ्यावरील मच्छलीपट्टणच्या बाजूहून निघालेला प्राचीन व्यापारी मार्ग हैदराबादच्या टापूतून कल्याणीस, तेथून तेर आणि पैठणवरून पुढे भडोच बंदराकडे जात असे, असे त्याने त्यात दाखविले. म्हणजे आपल्या महामार्गाचा मोठा भाग जुन्या तांड्यांच्याच वाटेने चालला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या ग्रंथात भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या मजलेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या मजलेवर तगर, अशा दोन पेठा सांगितल्या आहेत. पैठणहून अकीकाचे दगड आणि तगरहून नाना प्रकारचे कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई. हे तगर म्हणजेच आजचे तेर. आमच्या प्रवासाचे शेवटचे ठिकाण तेच होते.

पहिला मुक्काम कोंडापूरचा. श्रोत्यांनी हे नाव ऐकून हैदराबादच्याच पश्चिमेकडील, काचेच्या इमारतींनी भरलेल्या कोंडापूर उपनगराकडे वळू नये. आपले कोंडापूर शहरापासून सुमारे ७० किलोमीटरवर, संगारेड्डीच्या पलीकडे, हमरस्ता सोडून आत आहे. शेतांच्या मधोमध एक विस्तीर्ण टेकाड आणि त्याच्या पायथ्याशी एक बैठी इमारत, एवढाच त्याचा थाट. निजामाच्या राज्यात १९१४ साली पुराणवस्तू खाते निघाले. त्याचे पहिले संचालक गुलाम यझदानी हे मोठे साक्षेपी गृहस्थ होते. अजिंठ्याच्या चित्रांचे जतन व्हावे म्हणून इटलीहून तज्ज्ञ बोलावून घेण्याचे काम त्यांच्याच कारकिर्दीत झाले. त्यांच्याच देखरेखीखाली १९४०च्या सुमारास या टेकाडावर कुदळ पडली आणि सातवाहनकाळातील एक नांदते गाव उजेडात आले. विटांची घरे, रांजण, विहिरी, मणी, शंखाच्या बांगड्या, मातीची चित्रे असा सगळा संसार सापडला. आणि सापडली नाणी, शिसे, तांबे आणि मिश्रधातूची, शेकड्यांनी नव्हे तर हजारांनी. पुळुमावी, यज्ञ सातकर्णी ही जी नावे आपण पाठ्यपुस्तकात घोकतो, ती तेथे बोटाच्या पेराएवढ्या शिशाच्या चकतीवर कोरलेली दिसतात. येथे टांकसाळ असावी, असे संशोधकांनी त्यावरून अनुमान केले.

तेथील मातीची चित्रे विशेष पाहण्यासारखी आहेत. पांढऱ्या चिकणमातीची ही चित्रे दोन साच्यांत दोन अर्धी काढून मग एकत्र जोडलेली आहेत. त्यामुळे ती आतून पोकळ आणि वजनाला हलकी. केसांची रचना, कानांतील कुंडले, गळ्यातील माळा इतक्या बारकाईने काढल्या आहेत की, त्या काळच्या स्त्रियांच्या आवडीनिवडी समजून घेण्यास दुसरा पुरावा नको. राजेरजवाड्यांचे लेख आपणास युद्धे आणि दाने सांगतात. सामान्य घरातील मुलगी वेणी कशी घालीत असे, हे मात्र ही मातीच सांगते.

येथे रोमन सम्राट ऑगस्टसचे एक सोन्याचे नाणेही मिळाले. त्याचा बोलबाला साहजिकच अधिक झाला. परंतु त्याहूनही विचारात पाडणारी वस्तू म्हणजे मातीची नाणी. रोमन नाण्याचा छाप ओल्या मातीवर उमटवून, भाजून, दोरा ओवता येईल अशी केलेली ही पदके कोंडापुरास आणि तेरलाही मिळाली आहेत. ती चलनी नव्हती, ती अंगावर घालावयाची होती. मी त्यांचा काळ आणि छाप यांविषयी काही सांगू लागलो, तो पत्नी एवढेच म्हणाली, “अहो, ही तर गरिबाची पुतळ्यांची माळ!” आमच्याकडे बायका पुतळ्यांची माळ घालतात. ती पुतळी मुळात व्हेनिस शहराच्या सोन्याच्या नाण्यावरून आलेली. पंधरा-सोळा शतकांच्या अंतराने परदेशी नाणे पुन्हा एकदा मराठी गळ्यात दागिना होऊन बसले. ज्या घरी सोने होते त्यांनी सोन्याचे घातले आणि ज्या घरी नव्हते त्यांनी मातीचे. कोंडापुरात आम्हांस उमगलेली ही गोष्ट पुढच्या साऱ्या प्रवासात सोबत राहिली.

संगारेड्डी सोडून जहीराबादकडे जाऊ लागले म्हणजे भूगोलाच्या शिक्षिकेची पाळी येते. हैदराबादच्या आसपास ग्रॅनाइटचे एकावर एक रचल्यासारखे प्रचंड गोल धोंडे आहेत. त्यांचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे. पश्चिमेकडे जाता जाता ते मागे पडतात. मग जांभ्याची तांबडी माती लागते आणि हळूहळू दख्खनचा काळा कातळ सुरू होतो. तो ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. काळ्या कातळाचा हा प्रदेश आणि मराठी बोलण्याचा प्रदेश बऱ्याच अंशी एकमेकांवर बसतात, असे भूगोलाचे शिक्षक सांगत असतात. रस्त्यावर तरी त्याचा प्रत्यय येतो. मैलाच्या दगडांवरची अक्षरे तेलुगूची कन्नड होतात आणि पुढे कन्नडची मराठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या हैदराबाद राज्याची त्रिस्थळी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बीदर, गुलबर्गा आणि रायचूरचा मुलूख म्हैसूरकडे गेला आणि तेलंगण आंध्रात मिळाले. त्यानंतर १९६० साली महाराष्ट्र झाला आणि २०१४ साली तेलंगण वेगळे राज्य झाले. विभागणीत दप्तरे वाटली, नोकर वाटले, कर्ज वाटले. जमिनीत पुरलेले मात्र कोणास वाटता आले नाही. ते जेथल्या तेथे राहिले आणि तीन सरकारांच्या ताब्यात तीन ठिकाणी निघाले.

हुमनाबादजवळ माणिकनगर आहे. माणिकप्रभूंचा (१८१७-१८६५) हा मठ. या सत्पुरुषाने मराठी, कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांत पदे रचली, सर्व मतांचा आदर करणारा संप्रदाय स्थापिला आणि हिंदू व मुसलमान दोघांनाही आपले म्हटले. दोन नद्यांच्या संगमाकाठची ही जागा घटकाभर विसावण्यास फार चांगली.

तेथून पुढे हमरस्त्याच्या थोडे आत बसवकल्याण, म्हणजे इतिहासातील कल्याणी. अकराव्या शतकात पहिल्या सोमेश्वराने मान्यखेटहून राजधानी येथे आणली. सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६-११२६) कारकिर्दीत काश्मीरहून बिल्हण कवी या दरबारात आला. विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ टीका येथेच लिहिली. बंगाल वगळता बहुतेक हिंदुस्थानात वारसाहक्काचे तंटे शेकडो वर्षे ज्या ग्रंथाच्या आधारे तुटले, तो ग्रंथ आज मोटारीने दहा मिनिटांत ओलांडता येईल अशा या गावात तयार झाला. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी जातिभेदाविरुद्ध जी चळवळ उभारली तिचे केंद्रही हेच. येथल्या किल्ल्यात पुराणवस्तू खात्याने आसपासच्या दहाव्या-अकराव्या शतकातील मूर्ती एकत्र करून ठेवल्या आहेत. काहींचे हात तुटलेले, काहींचे मस्तक नाही. पण ज्या राजधानीचे राजवाडे नाहीसे झाले तिची एवढीच मूर्त ओळख शिल्लक आहे.

मराठी माणसाने कल्याणीस आणखी एका कारणासाठी जावे. तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, असा उल्लेख आहे. कानडी राजा संस्कृतात ग्रंथ लिहितो आणि त्यात मराठी बायकांच्या कांडपाचे गाणे नोंदवून ठेवतो! ज्ञानेश्वरांच्या आधी दीडशेहून अधिक वर्षे ओवी कोणाच्या ओठी होती, याची ही साक्ष आहे. या सीमाभागात भाषांच्या नावाने पुढे जे वाद झाले, ते ऐकून ज्यांचे मन कष्टी होते त्यांनी हा उल्लेख जरूर ध्यानात ठेवावा.

महाराष्ट्रात शिरून आपण उमरगा ओलांडतो आणि थोड्याच वेळात नळदुर्ग लागते. रस्त्याकडेच्या प्रेक्षणीय जागांत याच्या तोडीची जागा या वाटेवर दुसरी नाही. बोरी नदीवर दगडी धरण बांधून किल्ला आणि समोरचा रणमंडळ यांना जोडले आहे. त्या धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, हे काम झाले. नदीला पूर आला की सांडव्यांवरून दोन धबधबे कोसळतात. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. वरून पाण्याचा लोट पडत असता आतल्या खोलीत माणसाने कोरडे उभे राहावे आणि खिडकीतून पडणारे पाणी पाहावे, ही कल्पना ज्या स्थपतीस सुचली तो कवीच म्हटला पाहिजे. परंतु तो नुसता कवी नव्हता. धरणाने किल्ल्यास बारमाही पाणी मिळाले, शत्रूस अडसर झाला आणि सुलतानास विहाराची जागा मिळाली. एका बांधकामात तीन गरजा भागविणारी ही दृष्टी आजच्या अभियंत्यांनीही पाहावी अशी आहे. १८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे सोपविल्यावर येथे कारभारी म्हणून आला तो कर्नल मेडोज टेलर. ठगांवरील त्याची कादंबरी प्रसिद्धच आहे. त्याच्या मृत्यूनंतर १८७७ साली निघालेल्या आत्मचरित्रात नळदुर्गाची हकीकत वाचावयास मिळते. १८६० साली हा मुलूख निजामास परत मिळाला. त्या वेळी जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गास होते, ते पुढे धाराशिवास गेले.

नवरात्राचे दिवस असल्याने तुळजापूरच्या वाटेवर पायी चालणाऱ्यांची रीघ लागली होती. त्यांत मराठी बोलणारे होते, कानडी होते, तेलुगूही होते. दोन हजार वर्षांपूर्वी या वाटेने कापडाच्या गाड्या जात. आज भवानीचे भक्त जातात. वाट राज्यांच्या आधीची असते आणि राज्यांनंतरही राहते, हे तेथे निराळे शिकवावे लागत नाही.

बालाघाटाचे डोंगर चढून धाराशिवावरून तेरणाकाठी तेरला पोचलो. आज हे गाव संत गोरोबाकाकांचे म्हणून ओळखले जाते. कुंभाराच्या या गावाने जगास मातीचीच देणगी द्यावी, हा योग विलक्षण आहे. येथील त्रिविक्रमाचे मंदिर मागच्या बाजूने अर्धगोलाकार आहे. मुळात ते बौद्ध चैत्यगृह होते, हे विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री कझिन्स यांनी ओळखले. उत्तरेश्वराच्या विटांच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट तर हजाराहून अधिक वर्षे ऊनपाऊस सोसून टिकली. ती आता येथील संग्रहालयात आहे.

या संग्रहालयास रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव दिलेले आहे आणि ते सर्वथा योग्य आहे. लामतुरे हे गावातील व्यापारी. ते विद्यापीठाचे पदवीधर नव्हते की सरकारी अधिकारी नव्हते. पावसाळ्यात तेरणेच्या काठची माती धुऊन गेली की मणी, नाणी, बाहुल्या वर येत. लोकांना त्यांची किंमत नव्हती. या गृहस्थांनी त्या आयुष्यभर जमविल्या आणि हजारो वस्तूंचा तो संग्रह पुढे शासनाच्या स्वाधीन केला. १९५८ च्या सुमारास बा. ना. चापेकर यांनी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले, तेव्हा या वस्तूंचा काळ थरांच्या आधारे निश्चित होण्यास मदत झाली. त्यांत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. १९३८ साली इटलीत पाँपेई येथे अशाच घाटाची हिंदी हस्तिदंती मूर्ती मिळाली होती. पाँपेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्रापार पोचली होती. या दोन मूर्ती जणू दोन बहिणी. एक सासरी गेली आणि राखेत गाडली गेली, दुसरी माहेरी राहिली आणि लामतुरे यांच्या हाती लागली.

येथे सालारजंगाची आठवण होणे अपरिहार्य आहे. एका सरदाराने आपल्या संपत्तीच्या बळावर जग आपल्या घरी आणले. तेरच्या व्यापाऱ्याने आपल्या गावाबाहेर पाऊल न टाकता दाखवून दिले की जग पूर्वीच येथे येऊन गेले आहे. दोघांचेही आपल्यावर उपकार आहेत, पण दुसऱ्याचे मोल आपण अजून पुरते जाणलेले नाही.

आणि या ठिकाणी खरा प्रश्न उभा राहतो. एखाद्यास वाटेल की, या लहान गावांतील वस्तू राजधानीच्या मोठ्या संग्रहालयात नेऊन ठेवल्या तर अधिक लोक पाहतील आणि राखणही चांगली होईल. हा विचार अगदीच टाकाऊ नाही. ऑगस्टसचे सोन्याचे नाणे कोठेही ठेवले तरी बोलेल, कारण त्यावर सम्राटाचे नाव आहे. पण मातीचे नाणे? ते राजधानीच्या कपाटात ठेवले तर एक फुटका तुकडा ठरेल. ते जेथे सापडले त्या टेकाडावर, तेथल्या घराच्या पायाजवळ, तेथल्या चुलीशेजारी ठेवले तरच ते सांगू शकते की, या गावातल्या एका बाईस दूर देशाच्या नाण्याची हौस होती आणि सोने घेण्याची ऐपत नव्हती. श्रीमंताचा इतिहास कोठेही नेता येतो. गरिबाचा इतिहास त्याच्या जागेवरून हलविला की मुका होतो. म्हणून ही लहान संग्रहालये जगली पाहिजेत.

ती जगवावयाची तर दोन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. शेत नांगरताना किंवा विहीर खणताना जे सापडेल ते भंगारवाल्यास वा सोनारास न देता सरकारी खात्यास कळवावे. १८७८ चा भूमिगत धनाचा कायदा आणि १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा यांसाठीच आहेत. पण कायद्याहून लामतुरे यांची दृष्टी अधिक कामाची. दुसरी गोष्ट शाळांची. आपण मुलांना सहलीस नेतो ते चारमिनार आणि चिडियाघर दाखविण्यास. त्याच बसने संगारेड्डीच्या पुढे गेले तर कोंडापुरास दुपारपर्यंत जाऊन परत येता येते. तेरसाठी दोन दिवस काढावे लागतील. जाण्यापूर्वी संग्रहालयाच्या सुट्टीचा वार विचारून घ्यावा आणि पाण्याचा डबा बरोबर असावा, एवढीच तयारी पुरते.

मराठवाड्यातून पोटापाण्यासाठी हैदराबादेस येऊन स्थायिक झालेली आपली कितीतरी कुटुंबे आहेत. आपण येथले की तेथले, असा प्रश्न त्यांच्या मुलांना पडतो. त्या मुलांना कोणी कोंडापूरची आणि तेरची मातीची नाणी एकापाठोपाठ दाखवावीत. तेलंगणातील टेकाडावरचे नाणे आणि महाराष्ट्रातील नदीकाठचे नाणे एकाच वाटेने आले आहे आणि एकाच हौसेपोटी घडले आहे, हे त्यांना न सांगताच दिसेल. येथले आणि तेथले ही भाषा १९५६ नंतरची. वाट त्याहून पुष्कळ जुनी आहे आणि तिच्या दोन्ही टोकांवर आपलेच घर आहे.